त्रेचाळीस नंबरचं झाड

मंगळवारपासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतेय. मी कॉन्झर्व्हेशन करते, कागद आणि कापडावरच्या चित्रांचं. लोकांना वाटतं आम्ही जुनी चित्रं परत रंगवतो. रंग लावायची वेळ महिन्यातून एखाद वेळा येते, बाकी सगळा वेळ जे आहे ते पडू नये म्हणूनच जातो.

फोर्टातल्या एका गॅलरीचा फोन आला, शुक्रवारी ओपनिंग आहे आणि एक वारली चित्र खिरतंय. गेले तर टेबलावर सहा बाय चार फुटांचं कापड, शेण आणि गेरूने सारवलेलं, वर तांदळाच्या पिठाचं काम, आणि आजूबाजूला लाल भुगा. कुरिअरवाल्याने चित्र आतल्या बाजूला घेऊन बारक्या पाइपवर गुंडाळलेलं. किती वर्षं सांगतेय की चित्राची बाजू बाहेर ठेवा आणि नळी जाड घ्या, आत ठेवलं की थर दाबला जाऊन चिरडतो आणि उलगडताना ढलप्या निघतात. त्यात रात्री एसी बंद ठेवलेला. दिवसा कोरडी हवा, रात्री पावसाळ्यातली मुंबई, शेणाचा थर फुगतो आक्रसतो आणि खालचं कापड आपल्या वेगळ्याच हिशोबाने हलतं. विजेचं बिल वाचवण्यासाठी कुणाची चार महिन्यांची मेहनत अशी खिरू द्यायची याचा मला राग येतो, लिहितानाही येतोय.

चित्राच्या मधोमध लग्नाचा देवचौक, आत सुफलतेची पालघाट देवी, बाजूला घोड्यावरचा पाच डोक्यांचा देव पंचशिऱ्या. वारल्यांकडे हा चौक घरातल्या भिंतीवर सवाशिणी काढतात, लग्न लावणारी बाई, धवलेरी, गाणी म्हणते, त्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न झालं की चौकाचं काम संपलं, भिंत पुढे परत सारवली जाते. जिव्या सोमा म्हसे यांनी हे लग्नाच्या बाहेर आणलं, रोज चितारलं, १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ला पद्मश्री, आणि आज डहाणू तलासरीकडच्या कितीतरी घरांत त्यावर चूल पेटते. पण बाजार मागतो फक्त तारपा या वाद्याभोवतीचा गोल नाच, कपावर, कुर्त्यावर, हॉटेलच्या भिंतीवर. हे चित्र काढणारीने चौकाभोवती खांबांवरून जाणारी बुलेट ट्रेन काढलीय, समुद्राकडे वाढवण बंदराच्या क्रेन आणि त्यांच्यासमोर होड्या घेऊन उभे असलेले मच्छीमार, आणि खाली झाडंच झाडं, ताड, मोह, आंबा. झाडांच्या खोडावर बारीक आकडे. एक पाहुणे माझ्यासमोरच म्हणाले की हे शुद्ध वारली नाही. ज्यांच्या वावरातून रूळ जाणार त्यांनी रूळ काढायचे नाहीत, हा कुठला शुद्धपणा?

गॅलरीतला मुलगा पोस्टर कलर घेऊन तयारच होता, त्याला थांबवलं. अशा मॅट थरावर नेहमीचा चिकट पदार्थ गेला की तिथे गडद, चकचकीत डाग पडतो आणि तो परत निघत नाही. मी फुनोरी वापरते, जपानी समुद्रशेवाळाचा डिंक, एक टक्क्याच्या आसपास पातळ, आधी कोपऱ्यात टेस्ट, मग नेब्युलायझरने धुक्यासारखं सोडायचं, जेमतेम ओल येईल इतकंच. वाळल्यावर गेरू तसाच कोरडा, मातीसारखा दिसला तेव्हा मला खूप बरं वाटलं.

दुपारी चित्रकार स्वतः आली, डहाणू लोकलने, सोबत तिची मावशी. मला वाटलं रडेल. तिने भुगा बोटाने गोळा केला आणि म्हणाली, "पडू द्या ना मॅडम, भिंतीवरचं पण पडतंच." मावशीने पिशवीतून पीठ काढलं, स्टीलच्या वाटीत कालवलं, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं आणि चौकाची उडालेली किनार दहा मिनिटांत परत काढली. मी तिथेच उभी, हात थरथरत होते, कारण आमच्या शिस्तीत मूळ कामावर नवीन रेघ म्हणजे अपराध. पण ज्यांचा चौक त्यांनीच काढला, मी कोण अडवणार?

मग मी मावशीला म्हणलं ताई, ती तीन झाडं पण परत रेखाटा, ४१, ४२ आणि ४३, तिथलाही थर उडालाय. तर चित्रकार एकदम म्हणाली, "नाही. ती नाही."

नंतर हळूहळू बोलली. ती झाडं तिच्या घरामागची. मोजणीवाल्यांनी नंबर टाकले त्या आठवड्यात तिथे उभं राहून एकेक झाड बघून काढलेली, कुठली फांदी कुठे वळते तेसुद्धा. आता तिथे सपाट जमीन आहे. "चौक मी दर लग्नात काढीन. ही झाडं आता काढली तर मनानं काढल्यासारखी होतील. जेवढं उरलंय तेवढंच चिकटवा."

म्हणून बुधवार गुरुवार मी बाजरीच्या दाण्याएवढे तुकडे चिमट्याने उचलून भिंगाखाली जुळवत बसले. ४१ पूर्ण झालं. ४२ चा शेंडा मिळाला. ४३ मधल्या तीनचा खालचा अर्धा भाग मिळालाच नाही, तो मुलगा सकाळी टेबलाखालचं झाडून मोकळा झालेला.

कंडिशन रिपोर्टमध्ये 'नंतर केलेले बदल' असा रकाना असतो. चौकाची किनार त्यात लिहू की नको यावर तासभर घालवला, शेवटी "परंपरेनुसार पुन्हा रेखाटन, कलाकाराच्या उपस्थितीत" असं लिहिलं. गॅलरीवाल्या बाईंना ते खोडून हवंय, विकत घेणारा घाबरेल म्हणतात. मी खोडणार नाहीये.

तो कुरिअरचा पाइप मी स्टुडिओत घेऊन आले. काल रात्री पांढऱ्या कागदावर उभा धरून हलक्या हाताने ठोकला. लाल भुगा पडला, त्यात दोन तुकडे पांढरी रेघ असलेले. तीनचे असतील, नाहीतर होडीचे. डबीत ठेवलेत, रविवारी ती येणार आहे, तिला दाखवते.