फर्नेसचा फ्यूज उडतो कधी, यावरून कळतं बिघाड कुठे

परभणीत पारा सात-आठवर उतरला तरी शेकोटीवर भागतं. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेला तो शून्याच्या खाली वीसवर जातो आणि सगळं घर एका गॅसच्या फर्नेसवर, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या यंत्रावर, तग धरून असतं. ती बंद पडून राहिली तर पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटतात. मुलगा-सून तिकडे असतील तर असा फोन आलाही असेल. पुष्कळदा दोष बोटाच्या पेराएवढ्या फ्यूजपाशी सापडतो.

हा फ्यूज कंट्रोल बोर्डावर असतो, कारमध्ये असतो तसलाच, दोन पात्यांचा. जांभळा 3 अँपिअरचा, फिकट तपकिरी 5 चा. 120 व्होल्टचे 24 करणारा ट्रान्सफॉर्मर बहुधा 40 व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर), म्हणजे पावणेदोन अँपिअरही धड पेलत नाही. आपल्याकडे किटकॅटमध्ये जाड तार पिळून वेळ मारून नेतात. इथे 10 चा फ्यूज ठोकला तर फ्यूज शाबूत राहतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. बोर्डावर लिहिलंय तेवढ्याचाच घाला.

आधी फर्नेसशेजारचा स्विच आणि ब्रेकर दोन्ही बंद करा. दार काढल्यावर आतलं सेफ्टी बटण वीज तोडतं खरं, पण बटणापर्यंतची वायर जिवंतच असते. फ्यूज उपटून मल्टिमीटरवर तपासा. बीप नाही, तर उडालाय.

नुसता बदलला की पुन्हा उडतो, कारण 24 व्होल्टची वायर कुठेतरी सी वायरला (वीज परत नेणारी) किंवा पत्र्याला चिकटलेली असते. कुठे, ते उडण्याची वेळ सांगते. वीज देताक्षणी उडाला, तर आर वायर बघा, म्हणजे 24 व्होल्ट आणणारी. थर्मोस्टॅट (भिंतीवरचं तापमान ठरवणारं यंत्र) वीज चालू ठेवून बदलला की आर-सी सहज भिडू शकतात. हीटिंग मागितल्यावर उडाला, तर डब्ल्यूची (हीटिंगचा हुकूम नेणारी) वायर किंवा फर्नेसच्या आतली जोडणी. एसी लावल्यावरच उडाला, तर वाय, म्हणजे बाहेरच्या युनिटकडे जाणारी वायर: उन्हाने आवरण तडकतं, उंदीर कुरतडतात, गवत कापायचं यंत्र लागतं. त्या युनिटमधल्या कॉन्टॅक्टरची (कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचची) कॉइलही शॉर्ट होते. वायरी सोडवून तिचा रोध मोजा. साधारण 10 ते 20 ओहम ठीक, शून्याच्या आसपास म्हणजे गेली. हीट पंप (उलटा चालून घर गरमही करणारा एसी) असेल तर मात्र बाहेर आर वायरही जाते, त्यामुळे ती केबल हिवाळ्यातही दगा देते.

तरी पत्ता लागत नसेल तर बोर्डाचा फोटो काढून आर, सी, डब्ल्यू, वाय, जी (पंख्याची) सगळ्या वायरी सोडवा, टोकं एकमेकांना लागू देऊ नका. नवा फ्यूज, दार, वीज. टिकला तर बहुधा बोर्डाबाहेरच्या वायरीत दोष. दर वेळी वीज बंद करून एकेक परत जोडत जा. वायरी सुट्या असतानाच उडाला तर दोष फर्नेसच्या आतच. या खेळात फ्यूजचा डबा संपतो. त्यापेक्षा फ्यूजच्या जागी बसणारा, बटण दाबून पुन्हा चालू होणारा 3 अँपिअरचा छोटा ब्रेकर मिळतो, तो तपासणीपुरता घ्या.

गॅसचा वास आला तर यातलं काहीही करायचं नाही. घराबाहेर पडून गॅस कंपनीला फोन.

केबल फर्नेसच्या पत्र्यातून आत शिरते ती कड बारकाईने बघा. पंखा सुरू झाला की पत्रा थरथरतो आणि धारदार कडेने आवरण झिजतं. बाहेरून नुसता ओरखडा दिसतो, आत तांबं उघडं पडलेलं असतं. तेवढा तुकडा कापून नवा जोड द्या आणि भोकात रबरी कडं बसवा, नाहीतर त्याच जागी पुन्हा झिजेल.