ओकच्या रानातील मठ

जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिश यांच्या या चित्रात नजर आधी जाते ती मधोमध उभ्या असलेल्या भग्न भिंतीकडे आणि तिच्यातील उंच, रिकाम्या खिडकीकडे. भिंतीच्या पायथ्याशी माणसे आहेत, हे मला बऱ्याच वेळाने दिसले. काळ्या झग्यांतले साधू शवपेटी घेऊन दरवाजाकडे चालले आहेत. एकेक आकृती म्हणजे कुंचल्याचा जेमतेम एक फटकारा. आसपास बर्फ, कललेले क्रूस आणि पान न उरलेले वाकडेतिकडे ओक.

१८०९-१० मधील हे तैलचित्र सुमारे १७१ सेंटीमीटर रुंद आणि ११० सेंटीमीटर उंच आहे. १८१० मध्ये बर्लिनच्या अकादमीच्या प्रदर्शनात ते 'समुद्रकाठचा साधू' या चित्राबरोबर मांडले गेले आणि प्रशियाच्या राजाने दोन्ही चित्रे विकत घेतली.

भिंत मात्र कल्पनेतली नाही. फ्रीडरिश यांचा जन्म १७७४ चा, ग्राइफ्सवाल्डचा. गावाजवळच एल्डेना येथे सिस्टर्शियन या कॅथलिक संघाच्या साधूंचा विटांचा मठ होता. सोळाव्या शतकात, प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात तो बंद पडला आणि पुढे लोकांनी त्याच्या विटा इतर बांधकामांसाठी उचलून नेल्या. तेच अवशेष चित्रकाराने उचलून एका निर्जन रानात नेऊन ठेवले. १८२५ च्या सुमारास त्याच अवशेषांचे चित्र त्यांनी पुन्हा काढले तेव्हा भिंतींच्या आडोशाला एक साधे घर दाखवले. इथे मात्र वस्तीची खूण ठेवलेली नाही, आणि मला ही निवड फार मोलाची वाटते.

या चित्राला निव्वळ मृत्यूचे, निराशेचे चित्र म्हणणे मला पटत नाही. अग्रभागी बर्फात एक कबर उघडी आहे. पण मिरवणूक तिथे थांबलेली नाही, ती कबर मागे टाकून दरवाजाकडे निघाली आहे. दरवाजात क्रूस आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन इवले दिवे आहेत. छत केव्हाच गेलेल्या, पलीकडे नुसते आभाळ असलेल्या चर्चमध्ये ही माणसे जाऊ पाहतात, आणि जमीन काळोखात बुडालेली असताना त्या आभाळात उजेड भरून राहिलेला आहे.

चित्रावरचे पिवळे पडलेले जुने व्हार्निश काढून ते २०१६ मध्ये बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरी या संग्रहालयात पुन्हा मांडले गेले. त्या स्वच्छ झालेल्या आभाळात, फांद्यांच्या वर, नखाएवढी चंद्रकोर आहे.