मागून ठोकलं म्हणून चूक मागच्याचीच, असं दर वेळी नसतं

पुण्यातल्या नवले पुलाजवळ किंवा खंबाटकी घाटात चार-पाच गाड्या एकमेकांवर आदळल्याची बातमी आली की दोन-तीन दिवसांत मला फोन सुरू होतात. मी साताऱ्यात मोटार अपघाताच्या दाव्यांची कामं करते, त्यामुळे ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले असे सगळेच विचारतात. प्रश्न जवळजवळ ठरलेला, "मॅडम, मागच्याने ठोकलं म्हणजे चूक त्याचीच ना?" आणि थोड्या वेळाने त्याच अपघातातल्या मधल्या गाडीवाल्याचा कोणीतरी नातेवाईक फोन करतो, की आम्हाला मागून ढकललं म्हणून आम्ही पुढच्यावर गेलो, मग आमच्यावर गुन्हा कसा काय? दोघांनाही फोनवर एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून आज एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

आपण "साखळी अपघात" म्हणतो पण कोर्टात तो एक अपघात म्हणून बघितला जातोच असं नाही, त्यातली प्रत्येक टक्कर वेगळी काढून बघावी लागते. समजा तीन कार आहेत. पुढची थांबली, मधली पण वेळेत थांबली, आणि तिसरी येऊन मधलीवर आदळली आणि त्या जोराने मधली पुढचीवर गेली, तर मधल्या ड्रायव्हरची चूक जवळपास नाहीच. पण मधली आधीच पुढचीवर आदळलेली असेल आणि तिसरी नंतर आली असेल तर पुढच्या गाडीच्या मागच्या नुकसानीला मधलाच जबाबदार, आणि तिसरा फक्त नंतरच्या धक्क्यापुरता. आता हे ओळखायचं कसं? पुढच्या गाडीतल्या माणसाला विचारायचं, धक्का एक बसला की दोन. हा प्रश्न मी प्रत्येक केसमध्ये पहिला विचारते आणि कित्येक वेळा सगळी केस तिथेच फिरते. दोन धक्के बसले म्हणजे मधला आधी आदळला होता. शिवाय मधल्या गाडीचं पुढचं बॉनेट जास्त चेपलंय की मागची डिकी, ब्रेकचे काळे पट्टे कुठून सुरू होतात, काचांचा चुरा कुठे पडलाय, हे सगळं बोलतं, फक्त ते कोणीतरी त्याच वेळी टिपून ठेवायला पाहिजे.

"मागच्याचीच चूक" ही समजूत हवेतून आलेली नाही हेही खरं. २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये आणि त्याआधीच्या १९८९ च्या रस्त्याच्या नियमांमध्ये स्पष्ट लिहिलंय की पुढच्या गाडीने अचानक ब्रेक मारला तरी तुम्हाला सुरक्षित थांबता येईल इतकं अंतर ठेवा. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे एक केस होती, ट्रकच्या मागे कार, अंतर जेमतेम १०-१५ फूट, ट्रकवाल्याने ब्रेक मारला आणि कार मागून घुसली, तिथे कोर्टाने ट्रकवाल्याला दोषी धरलं नाही, कारवाल्यानेच अंतर ठेवलं नव्हतं असं म्हटलं. आणि १०-१५ फूट म्हणजे काय ते बघा, ताशी १०० च्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते, म्हणजे ९० फुटांच्या वर. पाय ब्रेकवर जायच्या आधीच तुम्ही पुढच्या गाडीत असता. एक्सप्रेसवेवर लोक ज्या अंतराने एकमेकांना चिकटून चालवतात ते बघून मला खरंच भीती वाटते.

पण त्याच नियमांमध्ये हेही आहे की पुढच्या ड्रायव्हरने तसंच भाग पाडणारं कारण असल्याशिवाय अचानक ब्रेक मारायचा नाही. हा भाग कोणी वाचत नाही.

जुलै २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल मी हल्ली प्रत्येकाला सांगते कारण त्यात तीन गाड्या आहेत आणि तिघांचाही वाटा आकड्यात दिलाय. कोईमतूरची घटना, २०१७ ची. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी मोटरसायकलवर, पुढे कार, कारने हायवेवर एकदम ब्रेक मारला, मुलगा कारवर आदळून पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली, डावा पाय कापावा लागला. कारवाल्याचं म्हणणं होतं की गरोदर बायकोला मळमळायला लागलं म्हणून थांबलो. आता बघा, ट्रिब्यूनलने, म्हणजे अपघाताचे दावे ज्या न्यायाधिकरणात आधी चालतात त्याने, कारला पूर्ण सोडून दिलं आणि मुलाची २० टक्के, बसची ८० टक्के चूक धरली. हायकोर्टाने ते बदललं, कार ४०, बस ३०, मुलगा ३०. सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती सुधांशु धुलिया आणि अरविंद कुमार यांच्या खंडपीठाने परत बदललं, कार ५०, बस ३०, मुलगा २०. म्हणजे ज्या कारला खाली शून्य टक्के दिले होते तिच्यावर वर जाऊन निम्मी चूक आली. कोर्टाने म्हटलं की हायवेवर गाड्या वेगात असतातच, थांबायचं असेल तर मागच्यांना सिग्नल द्या, इशारा द्या, अडचण कितीही खरी असली तरी असं मध्येच थांबणं चालणार नाही. मुलाचे २० टक्के का, तर त्यानेही पुरेसं अंतर ठेवलं नव्हतं आणि त्याच्याकडे लायसन्स नव्हतं. एकूण भरपाई १ कोटी १४ लाखांच्या आसपास ठरली, त्यातून त्याचे २० टक्के वजा होऊन ९१ लाखांच्या वर रक्कम त्याला मिळाली. टक्केवारी ही अशी थेट पैशात उतरते, म्हणून पाच टक्क्यांसाठी पण आम्ही भांडतो आणि भांडलंच पाहिजे.

लायसन्सचा विषय निघालाच आहे तर सांगते, नुसतं लायसन्स नाही किंवा बाईकवर तिघे बसले होते एवढ्यावरून जखमीची चूक आपोआप ठरत नाही. सुप्रीम कोर्टाने २००८ आणि २०२० मध्ये हे वेगवेगळ्या केसेसमध्ये सांगितलंय की त्या गोष्टीमुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं. विमा कंपनीचे वकील मात्र हा मुद्दा पहिल्या तारखेपासून लावून धरतात आणि लोक घाबरून लोकअदालतीत कमी पैशात सेटलमेंट करून टाकतात. असं करू नका.

आता एक फरक नीट लक्षात घ्या, कारण कुटुंबांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. जखमी माणूस स्वतः गाडी चालवत होता आणि त्याचीही थोडी चूक होती, तर तेवढे टक्के त्याच्या भरपाईतून कापले जातात, त्याला आम्ही कॉन्ट्रिब्युटरी निग्लिजन्स म्हणतो. पण जखमी माणूस एसटीत बसलेला प्रवासी असेल, मागच्या सीटवरची आजी असेल, रस्त्याच्या कडेला उभा असलेला कोणी असेल, ज्याची स्वतःची काहीच चूक नाही आणि दोन किंवा तीन ड्रायव्हरांनी मिळून घोळ घातला, तर तो कॉम्पोझिट निग्लिजन्स. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे अगदी स्वच्छ करून टाकलंय की अशा वेळी जखमीने सगळ्यांवर दावा करावा किंवा कोणाही एकावर करावा, पूर्ण रक्कम त्या एकाकडून वसूल करता येते, आणि ज्याने भरली त्याने नंतर बाकीच्यांकडून त्यांचा वाटा मागावा. म्हणजे तीन गाड्यांपैकी एक पळून गेली, एकीचा विमाच नव्हता, तरी तिसरीच्या विमा कंपनीकडून तुम्ही सगळी भरपाई मागू शकता. मला भेटलेल्या एका काकांनी कोणीतरी सांगितलं म्हणून दावाच लावला नव्हता, का तर ट्रक सापडत नाही. अहो पण दुसरी गाडी तर सापडलेली होती ना! शक्य असेल तर सगळ्या गाड्यांचे मालक आणि विमा कंपन्या जाबदार (म्हणजे प्रतिवादी) करा, म्हणजे वाटे तिथेच ठरतात आणि कोणाला "बाकीच्यांना पक्षकारच केलं नाही" म्हणायला जागा राहत नाही, पण एक गाडी सापडत नाही म्हणून थांबू नका.

मग ब्रेक फेल. नवले पुलाच्या उतारावर हे शब्द प्रत्येक वेळी ऐकू येतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने गाड्यांची रांगच उडवली, बातम्यांत ४८ गाड्यांचा आकडा आला. आधी ब्रेक फेल म्हटलं गेलं आणि नंतर तपासात असं पुढे आलं की ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद ठेवून गाडी सोडली होती, डिझेल वाचवायला. जड गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, दोन-चार वेळा ब्रेक दाबला की दाब उतरतो आणि गिअरमध्ये असताना इंजिन जी गाडी धरून ठेवतं तेही गेलं. याला ब्रेक फेल म्हणायचं नाही, ही सरळ ड्रायव्हरची हयगय आहे. आणि खरंच ब्रेक निकामी झाले असतील तरी मालक सुटत नाही. मुंबईतल्या ट्रक आणि कारच्या टक्करीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९७७ सालीच सांगितलंय की बिघाडाचं कारण पुढे करायचं असेल तर गाडी सुस्थितीत ठेवण्यासाठी सगळी काळजी घेतली होती आणि तरीही बिघाड झाला हे मालकाने सिद्ध करायचं. सर्व्हिसची बिलं, फिटनेस, शेवटचे लायनर कधी बदलले, सगळं आणा. बहुतेक जण काही आणू शकत नाहीत. म्हणून मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल मी सगळ्यात आधी मागवते, त्यात "ब्रेक कार्यान्वित" एवढे दोन शब्द असले तरी समोरच्याचा अर्धा बचाव संपतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नवले पुलाजवळच दोन मोठ्या वाहनांच्या मध्ये एक कार चिरडली आणि आग लागली. एकाच उतारावर हे परत परत होत असेल तर फक्त ड्रायव्हरचे टक्के काढून थांबणं मला पटत नाही, रस्ता बांधणाऱ्याचा वाटाही कोणीतरी मोजायला हवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आणलंय, त्यात रस्त्याची रचना आणि देखभाल यात कसूर केली तर कंत्राटदाराला किंवा प्राधिकरणाला १ लाखापर्यंत दंड आहे. १ लाख! एका माणसाच्या जिवापुढे ही रक्कम काय आहे हे मी वेगळं सांगायची गरज नाही, मला याचा मनापासून राग येतो.

आता पोलीस. फिर्यादीत नाव आलं म्हणजे चूक ठरली असं नाही, आणि नाव नाही आलं म्हणजे सुटलो असंही नाही. फौजदारी केसमध्ये संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं, ट्रिब्यूनलमध्ये जास्त शक्यता कशाची एवढंच बघतात, त्यामुळे फौजदारीत सुटलेला ड्रायव्हर इथे दोषी ठरू शकतो. बहुतेक वेळा फिर्याद देणारा तोच असतो जो चालत पोलीस स्टेशनला जाऊ शकला. जो आयसीयूत आहे किंवा गेला, त्याच्यावर सगळं ढकललं जातं, "मयताने स्वतः हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात" ही ठरलेली ओळ मी कित्येक फिर्यादींमध्ये वाचलीय. म्हणून घरच्यांपैकी एकाने तरी हॉस्पिटल सोडून घटनास्थळाच्या पंचनाम्याला हजर राहावं, हे त्या वेळी फार निष्ठूर वाटतं, मला माहितीये, पण गाड्या क्रेनने बाजूला केल्या की काहीच राहत नाही. गाड्या हलवायच्या आधी चारही बाजूंनी फोटो, व्हिडिओ, गाड्यांचे नंबर, डॅशकॅम असेल तर त्याचं कार्ड, जवळच्या हॉटेल किंवा पेट्रोल पंपाचं सीसीटीव्ही फुटेज, कारण ते थोड्या दिवसांत पुसलं जातं. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल ट्रिब्यूनलला द्यायचा असतो, त्याची प्रत मागा, तुमचा हक्क आहे.

आणि रस्त्यावर जमाव जमला म्हणून "माझी चूक आहे, खर्च देतो" असं कागदावर लिहून देऊ नका. विमा कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही ही अट तुमच्या पॉलिसीतच असते. तुमच्या गाडीच्या नुकसानीसाठी तुमची स्वतःची पूर्ण पॉलिसी असेल तर चूक कोणाची हा प्रश्न सहसा येतच नाही, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र जातो.

राहिली मुदत. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा लावायचा अशी तरतूद परत आलीय. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने अंतरिम आदेश दिलाय की फक्त उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नका, पण तो अंतरिम आहे, त्याच्या भरवशावर बसू नका. दावा अपघात झाला तिथेच लावायला पाहिजे असंही नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात लावता येतो, त्यामुळे कोल्हापूरच्या माणसाने पुण्याच्या अपघातासाठी पुण्याला खेपा घालायची गरज नाही.