पोतोसीची डोंगरमाय

पेरूमधल्या कुस्कोच्या कॅथेड्रलात मार्कोस सापाताने १७५३ च्या सुमारास काढलेलं ‘शेवटचं भोजन’ आहे. येशूसमोरच्या ताटात चारी पाय वर करून पडलेला गिनीपिग! तिकडे त्याला कुय म्हणतात आणि सणासुदीला आवडीने खातात. झाडून सगळे गाईड तिथे थांबतात, सगळे गट हसतात. मीही हसले. पण त्यात मला फार काही सापडलं नाही. पाहुणा परदेशी, जेवण यजमानाच्या घरचं, एवढंच.

मला बघायचं होतं ते चित्र बोलिव्हियात होतं, पोतोसीला.

पोतोसी चार हजार मीटरहून उंच. चार पायऱ्या चढलं की थांबावं लागतं, आणि थांबलं की समोर तो डोंगर असतोच. सेर्रो रिको, तांबूस, टोकदार, गल्लीगल्लीतून दिसणारा. दिएगो वाल्पा नावाच्या स्थानिक माणसाने १५४५ मध्ये रात्री इथे शेकोटी पेटवली आणि खालून चांदी वितळून वाहू लागली, अशी दंतकथा. त्यानंतर या चांदीवर स्पेनचं साम्राज्य पोसलं गेलं.

चित्र आहे जुन्या टांकसाळीत, म्हणजे आताच्या संग्रहालयात. चित्रकाराचं नाव कुणाला माहीत नाही. काळ अठरावं शतक. मरियामातेचा फक्त चेहरा आणि दोन तळहात दिसतात. बाकी सगळा डोंगर! तिचा घेरदार झगा म्हणजेच सेर्रो रिको, आणि त्या झग्यावर पायवाटा, लामा, इवलीशी माणसं, राजवेशातला एक इंका, म्हणजे स्पॅनिश येण्याआधीचा इथला राजा. वर पवित्र त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिला मुकुट घालतंय, दोन बाजूंना सूर्य आणि चंद्र. खाली एका बाजूला पोप, दुसऱ्या बाजूला स्पेनचा राजा, सम्राट पाचवा चार्ल्स. (चित्र काढलं तेव्हा चार्ल्सला जाऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली होती. पण डोंगर ज्याच्या काळात सापडला, त्याला कसं वगळणार?)

वणीच्या गडावर कड्यात उभी असलेली सप्तशृंगी पाहिलेल्या माणसाला यात काही समजावून सांगावं लागत नाही.

आमची गाईड म्हणाली, स्थानिकांनी पाद्र्यांच्या नकळत आपली पाचामामा, म्हणजे धरणीमाता, मरियेच्या झग्याखाली लपवली. हेच पर्यटकांना ऐकायला आवडतं. मला मात्र पटेना. लपवलं कुठे? पोप स्वतः समोर हजर आहे की. शिवाय रामोस गाविलान या ऑगस्टिनियन पाद्र्याने १६२१ मध्येच मरियेला डोंगराची उपमा देऊन ठेवली होती. इंका ज्यांना पूजत ते सूर्य-चंद्र मरियेच्या युरोपीय चित्रांतही पूर्वीपासून आहेत. म्हणजे दोन्हीकडच्यांना या चित्रात आपापलं काहीतरी मिळत होतं. चर्चला डोंगर मिळाला आणि डोंगर पूजणाऱ्यांना तो उघडपणे पूजायची सोय झाली. मला तर हा सौदा वाटतो, आणि त्यात पारडं चर्चकडे झुकलेलं होतं.

कारण डोंगराच्या पोटात काय चाललं होतं, याबद्दल चित्र गप्प आहे. व्हाइसरॉय तोलेदोने १५७० च्या दशकात मिता ही सक्तीच्या मजुरीची पद्धत इथे लावली. दूरदूरच्या गावांतून दरवर्षी सुमारे १३,००० पुरुष खाणीवर आणि चांदीच्या कारखान्यांत धाडायचा नियम झाला. त्यातले कितीतरी परत गेले नाहीत. चित्रातल्या मातेचा चेहरा मात्र अगदी शांत, गोरा, गुबगुबीत. त्या शांतपणाचा मला थोडा रागच आला.

खाणी आजही चालू आहेत. आत बोगद्यांत मरिया नसते, ‘तिओ’ असतो. मातीचा, शिंगांचा, दिसायला सैतानच. खाणकामगार त्याला कोकाची पानं, सिगारेट, दारू वाहतात, कारण आतली चांदी आणि आतला जीव, दोन्ही त्याच्या हाती. उन्हात मरिया, अंधारात तिओ, अशी वाटणी त्यांनी केव्हाच करून टाकली आहे.

पोतोसीला जमणार नसेल, तर याच विषयाचं १७२० सालचं चित्र ला पासच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात आहे. मुरिलो चौकाला लागूनच. अर्थात ला पासही साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, तेव्हा धाप काही चुकत नाही.