एक फोन नंबर आणि कात्री : वास्कोहून श्रीलंकेला, काहीही न ठरवता

आम्हाला खरं तर जायचं होतं पवित्र भूमीला. जेरुसलेम, बेथलेहेम, गालील. दोन वर्षं पैसे साठवले, फेब्रुवारी २०२४ ची तारीख मिळाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिकडे युद्ध पेटलं. टूरवाल्याने यात्रा रद्द केली. भरलेल्यातले अर्धेच पैसे परत मिळाले, तेही डिसेंबर उजाडल्यावर. हातात उरले कोरे पासपोर्ट, यजमानांची मंजूर झालेली अकरा दिवसांची रजा, आणि ‘या दिवसांत दुकान बंद’ असं मी गिऱ्हाइकांना सांगून बसलेले.

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. लग्नानंतर वास्कोत आले, त्याला पंचवीस वर्षं झाली. घराखालीच शिवणकामाचं दुकान आहे. आमचं मराठी बोलणाऱ्या सात-आठ घरांचं प्रार्थनामंडळ दर गुरुवारी आळीपाळीने एकेकाच्या घरी जमतं. यात्रेला आम्ही तिघं निघणार होतो: मी, हे, आणि मंडळातल्या मावशी. मावशींचं वय तेव्हा सदुसष्ट. बालपण धारावीत गेलेलं, शेजार सगळा तमिळ, त्यामुळे मोडकंतोडकं तमिळ त्यांना येतं. हे तेव्हा कुणाच्या लक्षातही नव्हतं.

जानेवारीत सांकवाळला संत जोसेफ वाझ यांच्या नोव्हेनाला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, गेलो. वास्कोहून सांकवाळ म्हणजे अगदी जवळ, दरवर्षी जातोच. बाणावलीत १६५१ साली जन्मलेला हा आपल्याच मातीतला माणूस श्रीलंकेचा प्रेषित झाला. तिथे डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केलेली, म्हणून १६८७ मध्ये ते मजुराच्या वेषात जाफनाला उतरले आणि उतरताच आजारी पडले. पुढे कँडीत हेर समजून त्यांना कैद केलं, तर त्या कैदेत ते सिंहली शिकले. ही कथा मी लहानपणापासून ऐकते आहे. पण ज्याची यात्रा नुकतीच रद्द झाली आहे त्याने ती ऐकली की वेगळी ऐकू येते. वाझ यांनाही मनात होतं तिथे लगेच जाता आलं नव्हतं. आधी त्यांना कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या कानडा मिशनवर पाठवलं होतं.

त्या दिवशी मंडपात श्रीलंकेहून आलेल्या एक सिस्टर आमच्या शेजारी बसल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, ‘आमच्याकडे या एकदा.’ नोव्हेनाच्या पत्रकामागे त्यांनी नंबर लिहून दिला. असं आमंत्रण माणूस शंभर ठिकाणी देतो. पण घरी येताना आम्ही तिघंही गप्प होतो आणि तिघांच्याही मनात तेच होतं, हे रात्री जेवताना कळलं.

आमच्या फादरांना विचारलं. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली, टुरिस्ट म्हणून जाताय तर टुरिस्टच राहा. दुसरी, मी पत्र देतो, ते पासपोर्टबरोबर ठेवा. पहिल्या गोष्टीबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण आपल्यातले काहीजण याकडे काणाडोळा करतात. पर्यटकाचा परवाना घेऊन सभा भरवणं, पत्रकं वाटणं, हे त्या परवान्यात बसत नाही. धर्मकार्यासाठी जायचं असेल तर तिथल्या चर्चमार्फत वेगळा व्हिसा काढावा लागतो. एखाद्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून काम करायचं असेल तरी आधी विचारून घ्या. फॉर्मवर खोटं लिहून देवाचं काम सुरू होत नाही, आणि आपण विमानात बसून परत आल्यावर त्याचे परिणाम तिथल्या ख्रिस्ती लोकांना भोगावे लागतात.

ईटीए, म्हणजे श्रीलंकेत जायचा पर्यटकाचा परवाना, ऑनलाइन निघाला. आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना त्याचं शुल्क माफ होतं. हे नियम वरचेवर बदलतात, तेव्हा निघायच्या आठवड्यात सरकारी साइट पुन्हा पाहा. तिच्यासारख्या दिसणाऱ्या दलालांच्या साइट्स बऱ्याच आहेत, त्यांच्यावर पैसे भरू नका. फॉर्ममध्ये मुक्कामाचा पत्ता लागतो, म्हणून तिथल्या विमानतळाजवळच्या निगोंबोत एका रात्रीची खोली घेतली. परतीचं तिकीटही काढलं. पुढचं काही ठरलेलं नसलं तरी येण्याची सोय पक्की हवी. मागे राहिलेल्या घरच्यांच्या जिवाला तेवढी शांती.

गोव्याहून कोलंबोला थेट विमान नव्हतं, चेन्नईला बदललं. गोव्यात विमानतळ दोन, तेव्हा तिकीट काढताना दाबोळी की मोपा हे नीट बघा. आमचं जाणं दाबोळीहून आणि येणं मोपाला होतं, ते मावशींच्या मुलाने दाखवल्यावर कळलं. वास्कोच्या माणसाला दाबोळी घरासारखं, आणि मोपाहून रात्री टॅक्सीने यायचं म्हणजे खिशाला चाट.

८ फेब्रुवारीला उतरलो. सिस्टरांना फोन लावला, बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या कॉन्व्हेंटमध्ये गेलो, तर कळलं की आई आजारी म्हणून त्या तातडीने बट्टिकलोआला गेल्या आहेत. कधी येतील सांगता येत नाही. कॉन्व्हेंटच्या पायरीवर बॅगा घेऊन आम्ही तिघं उभे. हे म्हणाले, ‘चार दिवस फिरू या आणि परत जाऊ या.’ मला रडू येत होतं. देवाने एक दार बंद केलं, मग दुसरं उघडलं असं वाटून आलो, आणि तेही बंद.

तेव्हा मावशींना बायबलातला प्रेषित पौल आठवला. म्हणाल्या, ‘पौलाला आशियात जाऊ दिलं नाही, बिथुनियात जाऊ दिलं नाही, तो त्रोवसला येऊन थांबला. आपण पण कुठेतरी थांबू या आणि प्रार्थना करू या.’ म्हणून कोलंबोला गेलो, कोच्चिकडेच्या संत अंतोनीच्या देवळात. २१ एप्रिल २०१९ च्या ईस्टरला बॉम्ब फुटला ते हेच देऊळ. २१ एप्रिल हा जोसेफ वाझ यांचा जन्मदिवसही. तिथे सगळ्या धर्मांची माणसं येतात, मेणबत्त्या लावतात, पुतळ्याच्या काचेवर हात टेकवून उभी राहतात. आम्ही दोन तास बसलो. माझ्या प्रार्थनेत शब्द नव्हतेच, ‘कुठे?’ एवढंच होतं.

मावशींच्या शेजारी एक बाई डोळे पुसत होती. मावशींनी तमिळमध्ये विचारलं. ती कोलंबोत एका घरी कामाला होती, गाव हॅटनजवळच्या चहामळ्यात. दुसऱ्या दिवशी घरी निघाली होती. पिशवीत मुलीच्या शाळेच्या गणवेशाचं पांढरं कापड होतं. तिकडे सरकार मुलांना गणवेशाचं कापड फुकट देतं, पण शिलाई आपली आपण. शाळा १९ तारखेला उघडणार आणि कापड तसंच पडून, याचं ती रडत होती. मळ्यात दिवसाची मजुरी तेव्हा हजार श्रीलंकन रुपये, म्हणजे आपले अडीचशेच्या थोडे वर. मावशी माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, हिला शिवणारी हवी आहे.’

त्या बाईने आम्हाला घरी बोलावलं. तरी लगेच हो म्हटलं नाही. रात्री फादरांना फोन केला. ते म्हणाले, ‘तिने बोलावलंय, की तुम्हीच मागे लागलात?’ तिने बोलावलंय म्हटल्यावर म्हणाले, ‘मग तिथल्या फादरांना कळवून जा.’ तसं केलं. कोच्चिकडेहून हॅटनच्या चर्चचा नंबर मिळाला, तिथल्या फादरांनी त्या घराला ओळखतो म्हणून सांगितलं, मग निघालो. मागून येणाऱ्यांनी हे टाळू नये. अनोळखी घरी जाताना, विशेषतः बायकांनी, तिथला एक जबाबदार माणूस आपल्याला ओळखणारा असलाच पाहिजे. देवावरचा विश्वास आणि ही चौकशी यांत मला विरोध दिसत नाही.

गाडीचं आरक्षण संपलं होतं. डिसेंबर ते मे श्रीपादाच्या डोंगराची (अ‍ॅडम्स पीकची) यात्रा असते आणि त्या यात्रेकरूंचं स्टेशन हॅटनच. शनिवारी तिसऱ्या वर्गात चढलो तर डबा पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी भरलेला. नावलपिटियापर्यंत उभेच होतो. एका म्हाताऱ्या बौद्ध बाईंनी मावशींना सरकून जागा दिली, केळीच्या पानातला भात पुढे केला. या दिवसांत जाणार असाल तर तिकीट महिनाभर आधी काढा, आणि शाल हातात ठेवा. कोलंबोत घाम, हॅटनला संध्याकाळी हुडहुडी.

मळ्यातल्या लाइन म्हणजे ब्रिटिशांच्या काळापासूनच्या खोल्यांच्या रांगा. एका खोलीत अख्खं कुटुंब. अक्काच्या (आम्ही तिला अक्काच म्हणू लागलो) आईकडे जुनं पायमशीन होतं, गंजलेलं, पट्टा तुटलेला. हे शिपयार्डात फिटर आहेत. त्यांनी तासाभरात पट्टा सांधला, खोबरेल नको म्हणून हॅटनहून मशीनचं तेल आणलं, आणि रविवारी मिस्सेनंतर मशीन फिरलं.

अक्काची मुलगी आठ वर्षांची. माप घेताना श्वास रोखून ताठ उभी राहिली. तिचा जुना फ्रॉक मी उलटा करून पाहिला. घेर दोनदा उसवून खाली सोडलेला, आधीच्या दोन दुमडींच्या पिवळट रेघा दिसत होत्या. खाली सोडायला आता काहीच उरलं नव्हतं. नव्या फ्रॉकला मी घेरात चार इंच माया ठेवली, बाजूंना एकेक इंच. तिच्या आजीने ती माया बोटांनी चाचपली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दुपारपर्यंत दारात रांग. सहा दिवसांत सतरा फ्रॉक आणि नऊ शर्ट झाले. मी बेतायची आणि मशीनवर बसायची, अक्का काज-बटण करायची, मावशी तुरपाई. शेजारी बहुतेक हिंदू, मळ्यातच त्यांचं मारिअम्मनचं देऊळ आहे. कापड कुणाच्या मुलाचं हे आम्ही विचारलं नाही आणि कुणाला काही ऐकवायलाही बसलो नाही. त्यांनी विचारलं, ‘एवढ्या लांबून का आलात?’, तेव्हा मावशींनी जे घडलं ते सांगितलं. रात्री अक्काच्या घरी जपमाळ होई. अर्धी प्रार्थना घरचे तमिळमध्ये म्हणत, उरलेली अर्धी आम्ही मराठीत. १४ तारखेला राखेचा बुधवार होता. मळ्यातल्या छोट्या चॅपेलमध्ये कपाळाला राख लावून घेतली आणि परत येऊन मशीनवर बसले. टबीथाची गोष्ट मी बायबलात कितीदा वाचली असेन. ती मेल्यावर, तिने विधवांसाठी शिवलेले अंगरखे त्या रडत दाखवतात, तिथे मी नेहमी पुढे सरकायची. आता सरकत नाही.

बुद्धिस्ट देशात वावरताना बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, खांदे आणि गुडघे झाकलेले ठेवा. पौर्णिमेला सुट्टी असते, त्या दिवशीचे बेत तसे करा. प्लग काही ठिकाणी आपल्याकडचाच चालतो, काही ठिकाणी नाही, म्हणून अडॅप्टर घ्या. पैसे विमानतळावर बदलले तरी मळ्याकडे जाण्यापूर्वी सुट्टे करून घ्या. लाइनमध्ये मुलांचे फोटो न विचारता काढू नका. ती खोली त्यांचं घर आहे. आणि ‘पुढच्या वर्षी येतो’ असं मुलांना सांगू नका. मी सांगितलं नाही, पण सांगायला जीभ फार शिवशिवली.

दिशा कशी कळली, असं मंडळात सगळे विचारतात. मोठा आवाज आला नाही. तिघांपैकी एकाच्याही मनात खळबळ असली तर आम्ही थांबायचो. जिथे जायला खोटं बोलावं लागलं असतं तिथे गेलो नाही. नकाशा आधी मिळाला असता तर मी नक्की कात्री घरी ठेवून आले असते. ती सवयीने बॅगेत पडली होती. (कात्री चेक-इन बॅगेतच टाका, हातातल्या बॅगेत ती काढून घेतात.)

ती कात्री मी अक्काच्या आईजवळ ठेवून आले. तिचा निरोप मधूनमधून येतो, तमिळमध्ये बोललेला, मावशी ऐकून सांगतात. मशीन चालतंय. सुया मात्र तिथे जवळपास मिळत नाहीत. कुणी हॅटनकडे निघणार असेल तर मला आधी कळवा, १४ नंबरच्या सुयांची पाकिटं मी देईन.