रफ डायमंड, पूना

खलनायकाला आवाज चढवावा लागला की तो निम्मा हरला, असं माझं फार जुनं मत आहे. ते बनलं आमच्या पुण्यातल्या जुन्या घरात, शहाबादी फरशीवर मांडी घालून बसलेलो असताना. त्या काळी व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून रात्रभरात तीन-तीन कॅसेटी संपवायच्या, असा रिवाज होता. दोन हिंदी आणि एक इंग्रजी. इंग्रजीची पाळी यायची तेव्हा मोठी माणसं आडवी झालेली असत. त्या रात्री तिसरी कॅसेट होती ‘सुपरमॅन टू’ची. सुपरमॅन उडतो, हे आम्हाला माहीतच होतं. आम्ही जागे राहिलो ते त्यातल्या खलनायकामुळे, जनरल झॉडमुळे.

काळे चमकदार कपडे, नेमकी राखलेली दाढी आणि समोरच्याकडे बघायची अशी तऱ्हा की समोरच्याला आपली चप्पल तुटकी आहे हे आठवावं. हा मनुष्य ओरडत नाही, घाईसुद्धा करत नाही. चंद्रावर अंतराळवीर ‘ह्यूस्टन, ह्यूस्टन’ करत पृथ्वीवरच्या केंद्राशी बोलताना ऐकतो आणि पृथ्वीचं नावच ह्यूस्टन आहे असं समजून चालतो. चूक दुरुस्त करून घ्यायचीही त्याला गरज वाटत नाही. जिंकायचंच आहे, मग नाव काय का असेना!

मग तो व्हाइट हाउसमध्ये येतो. एक गृहस्थ पुढे होऊन मुकाट्याने गुडघे टेकतो. झॉड त्याच्याकडे बघून म्हणतो की तू काही राष्ट्राध्यक्ष नव्हेस, इतक्या लोकांचं पुढारपण करणारा माणूस इतक्या चटकन गुडघे टेकणार नाही. खरा राष्ट्राध्यक्ष मागे उभा असतो. तो पुढे येतो, नाइलाजाने खाली बसतो आणि त्याच्या तोंडून निघतं, ‘ओह गॉड.’ वरून शांतपणे उत्तर येतं, ‘झॉड.’

हा शब्दांचा खेळ आमच्या डोक्यावरून गेला होता. इंग्रजी कोणाला येत होतं! आम्हाला वाटलं, राष्ट्राध्यक्षाने नाव चुकीचं घेतलं आणि जनरलसाहेबांनी ते सुधारलं. पुढची दोन वर्षं आमच्या वाड्यात हा प्रवेश मराठीत होत असे. माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, त्याच्या वडिलांचा काळा रेनकोट उन्हाळ्यातसुद्धा चढवायचा. मी सगळ्यांत लहान, म्हणून राष्ट्राध्यक्षपद कायम माझ्याकडे. मी फरशीवर गुडघे टेकून म्हणायचो, ‘अरे देवा!’ आणि दादा वरून म्हणायचा, ‘झॉड.’ विनोद पार मेलेला असायचा, पण दादाचा रुबाब असा की तो मेलाय हे कोणाच्या लक्षात येत नसे. आजी मात्र पूजेच्या खोलीतून विचारायची, ‘कोण कोणाला झोडतंय रे?’ आजीच्या कानाला मानलं पाहिजे.

बऱ्याच वर्षांनी कळलं की या जनरलची मूळ कुंडली बरीच साधी होती. तो पहिल्यांदा अवतरला एप्रिल १९६१च्या ‘ॲडव्हेंचर कॉमिक्स’च्या २८३व्या अंकात. लेखक रॉबर्ट बर्नस्टीन, चित्रकार जॉर्ज पॅप. झॉड हा क्रिप्टॉनच्या, म्हणजे सुपरमॅनच्या जन्मग्रहाच्या, सैन्याचा प्रमुख. स्वतःच्या छापाचे दुय्यम दर्जाचे सैनिक तयार करून तो राज्य बळकवायला निघतो आणि त्याला चाळीस वर्षांसाठी फँटम झोन नावाच्या तुरुंगात टाकतात. क्रिप्टॉन फुटतो, तुरुंग तेवढा शाबूत राहतो. पुढे छोटा सुपरमॅन, म्हणजे सुपरबॉय, हिशेब करून बघतो, तर याची शिक्षा भरलेली. मग तो नियमाप्रमाणे त्याला सोडून देतो! ज्या ग्रहाने शिक्षा दिली तो ग्रह उरलेला नाही, फाइल कुठे असेल कोण जाणे, पण मुदत संपली म्हणजे कैदी सुटला पाहिजे. इतका सरळमार्गी कारकून मी आयुष्यात पाहिलेला नाही. झॉड सुटल्याबरोबर पृथ्वी जिंकायला निघतो, हे सांगायला नकोच.

तर अशा या दुसऱ्या फळीतल्या जनरलला जगभर नाव मिळवून दिलं ते टेरेन्स स्टॅम्प या नटाने. आणि इथे माझ्या गोष्टीला पुण्याचं पाणी लागतं.

स्टॅम्प १९३८ सालचा, लंडनच्या ईस्ट एंडमधला. १९६२च्या ‘बिली बड’साठी ऑस्करचं नामांकन, साठच्या दशकाचा देखणा चेहरा वगैरे सगळं झालं. दशक संपलं आणि त्याच्याबरोबर याचं कामही संपलं. वय जेमतेम तिशीचं. त्याचा एजंट त्याला म्हणाला होता की सगळ्यांना तरुण टेरेन्स स्टॅम्प हवाय. तिशीतल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागणं काय असतं! तो जग हिंडायला निघाला आणि हिंडता हिंडता कोरेगाव पार्कात, रजनीशांच्या आश्रमात येऊन टेकला. केस वाढवले, भगव्या-नारिंगी कफन्या घातल्या. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तो ब्लू डायमंड हॉटेलवर असताना एक दिवस त्याच्या नावे तार आली. त्याने ही हकीकत मुलाखतींमधून मोठ्या मजेत सांगितली आहे. तारेवर पत्ता होता: क्लॅरेन्स स्टॅम्प, द रफ डायमंड, पूना.

नाव चुकलं, हॉटेल चुकलं, पण तार पोचली. आत मजकूर असा की ‘सुपरमॅन’ एक आणि दोनसाठी रिचर्ड डॉनर या दिग्दर्शकाला भेटायला लंडनला येशील का, मार्लन ब्रँडोबरोबर प्रसंग आहेत. तो गेला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. ज्या रस्त्याने मी कॉलेजच्या दिवसांत सायकलवरून शेकडो वेळा गेलो असेन, त्याच रस्त्यावर आमचा जनरल कफनी घालून हिंडत होता! तेव्हापासून ‘सुपरमॅन टू’ पाहताना माझा घोटाळा होतो. व्हाइट हाउस जिंकून झाल्यावर झॉड राष्ट्राध्यक्षाच्या टेबलाशी बसून कंटाळतो, तो प्रसंग बघा. तो म्हणतो की मी जिंकतो, नेहमीच जिंकतो, या ग्रहावर मला साधं आव्हान द्यायला कोणी नाही का? पूर्वी मला तो गर्विष्ठ वाटायचा. आता वाटतं, या माणसाला सगळं मिळवून झाल्यावर काय उरतं ते ठाऊक आहे. हे आश्रमात शिकला की आठ वर्षं बेकार बसून शिकला, ते त्यालाच माहीत. मी पुणेकर असल्याने अर्धं श्रेय पुण्याला देतो. तुम्ही नका देऊ.

ब्रँडोबरोबरचे प्रसंग पहिल्या चित्रपटात अगदी सुरुवातीला आहेत. क्रिप्टॉनवर झॉड आणि त्याच्या दोन साथीदारांचा, उर्सा आणि नॉनचा, खटला चालतो. शिक्षा होते आणि आभाळातून फिरत आलेल्या काचेच्या एका चपट्या चौकोनात तिघं कोंबले जातात. चिकटवहीत फुलपाखरू दाबावं तसे. जाता जाता झॉड जॉर-एलला, म्हणजे ब्रँडोने रंगवलेल्या सुपरमॅनच्या वडिलांना, बजावतो की तू माझ्यापुढे झुकशील, आणि एक दिवस तुझे वारसही. सगळ्या चित्रपटात त्याने आवाज चढवल्याचं मला ठळक आठवतं ते इथेच. कोर्टात कोणाचाही चढतो.

नंतरच्या झॉडांकडे मी जरा सासऱ्याच्या नजरेने बघतो, हे कबूल करतो. २०१३च्या ‘मॅन ऑफ स्टील’मधला मायकल शॅनन हा वाईट नट मुळीच नाही, उलट फार चांगला आहे. पण त्याच्या झॉडला क्षणाची उसंत नाही. तो जन्मालाच सैनिक म्हणून घातलेला, क्रिप्टॉनच्या लोकांचं रक्षण करायचं एवढंच काम घेऊन आलेला. डोळे बाहेर येतील की काय, इतका तो त्या कामात बुडालेला. शेवटी लोकच उरत नाहीत आणि त्याचं ते एकुलतं काम त्याच्या हातून निसटतं. तेव्हाचा त्याचा चेहरा मात्र मी विसरलो नाही. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला डबा मागणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे होते, त्यांचा चेहरा थेट असाच झाला होता. मग रेल्वे स्टेशनात सुपरमॅन झॉडची मान मोडतो आणि ओरडून रडतो. त्यावर चाहत्यांनी दिग्दर्शक झॅक स्नायडरवर जी झोड उठवली ती अजून पुरती खाली बसलेली नाही. सुपरमॅन जीव घेत नाही, म्हणे. पण कॉमिक्समध्ये १९८८ सालीच जॉन बर्नने सुपरमॅनच्या हातून हिरव्या क्रिप्टोनाइटने, म्हणजे क्रिप्टॉनच्या लोकांना मारक असलेल्या खनिजाने, झॉड आणि त्याच्या दोघा साथीदारांचा जीव घेववला होता. त्यानंतर सुपरमॅनला स्वतःचंच तोंड बघवेना, तो पृथ्वी सोडून अंतराळात निघून गेला. २०२३च्या ‘द फ्लॅश’साठी शॅननला पुन्हा बोलावलं, तेव्हा हे काम म्हणजे कोणीतरी बाहुल्यांची मारामारी खेळतंय तसं आहे, असं तो स्वतःच बोलून गेला. मीही तो भाग तिथेच सोडतो.

टीव्हीवाल्यांनी त्याचं आणखी काय काय केलं! ‘स्मॉलव्हिल’मध्ये तो एकदा सुपरमॅनचा वैरी लेक्स लुथर याच्या अंगात शिरला, पुढे कॅलम ब्लूच्या रूपाने तरुण मेजर होऊन आला. जनरलच्या आधी मेजर असणारच, हे आपल्याला का सुचलं नव्हतं? पण त्या मालिकेतली खरी गंमत वेगळी आहे. तिथे सुपरमॅनच्या दिवंगत वडिलांचा, जॉर-एलचा, आवाज दिलाय तो टेरेन्स स्टॅम्पने! ज्याच्या वारसांना गुडघे टेकायला लावीन म्हणून शपथ घेतली होती, त्याचाच बाप होऊन हा उपदेश करत बसला. आणि २०१८च्या ‘क्रिप्टॉन’ मालिकेने तर कडीच केली. तिथला झॉड निघाला सुपरमॅनच्या आजोबांचा दुसऱ्या बाईपासून झालेला मुलगा. म्हणजे नात्याने सुपरमॅनचा सावत्र काका. इतकी वर्षं आपण ज्याला विश्वाचं युद्ध समजत होतो ती भाऊबंदकी होती. मराठी माणसाला हे आधीच कळायला हवं होतं.

स्टॅम्प ऑगस्ट २०२५ मध्ये गेला, सत्त्याऐंशीव्या वर्षी. ती बातमी वाचली त्या आठवड्यात मी माझ्या मामांकडे गेलो. मामा तार खात्यातून निवृत्त. तो पत्ता चुकलेल्या तारेचा किस्सा त्यांना सांगायचं कित्येक दिवस मनात होतं. शॅननचा झॉड पडद्यावर आला त्याच्या पुढच्या महिन्यात, जुलै २०१३ मध्ये, सरकारने तारसेवा बंद केली होती. तेव्हापासून कोणी तारेचा विषय काढला की मामा सरसावून बसतात.

‘रफ डायमंड?’ मामा म्हणाले. ‘मग त्यात काय विशेष? गाव पूना, हॉटेलात डायमंड, माणूस गोरा. पोचणारच. आमच्याकडे “लाल बिल्डिंगच्या मागे, तात्या” एवढ्यावर तार पोचलेली आहे.’

मी फोनवर त्यांना तो प्रसंग दाखवला. शेवटाकडचा, ‘नील बिफोर झॉड’वाला, म्हणजे ‘झॉडपुढे गुडघे टेक’. मामांनी चष्मा वर सरकवून बघितला. सुपरमॅन, बर्फाचा किल्ला, स्फटिकांचं यंत्र यांतलं काही त्यांना दिसलं नसावं. त्यांनी उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला.

‘तीन शब्द,’ ते म्हणाले. ‘सहीसकट. शहाणा आहे माणूस.’