ब्रेकअवेची वही: टोकियो झालं, रूबे झालं, आता कोब्ले

वहीचं काम बरंच पुढे सरकलंय. नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो, जुन्या सायकल रेसेस परत बघायच्या, ब्रेक (पुढे पळालेले रायडर) आणि पेलोटॉन (मागचा मोठा घोळका) यांच्यातली गॅप लिहीत जायची आणि शेवटी शापातचा नियम लावून बघायचा. रोबेर शापात आधी रायडर, नंतर फ्रेंच टीव्हीवर कॉमेंट्री करायचा, त्याचा हिशोब असा की १० किमी राहिलेत आणि एकट्या पळणाऱ्याकडे मिनिटभर गॅप नाही, म्हणजे तो सापडलाच.

पण जसजसं लिहितोय तसं वाटायला लागलंय की नुसता गॅपचा आकडा बघून काही कळत नाही, मागे कोण ओढतंय आणि त्यांना काय माहितीये ते बघायला पाहिजे. म्हणून आता वहीत त्याचा वेगळा कॉलम केलाय.

टोकियो ऑलिंपिकची बायकांची रोड रेस (२०२१, १३७ किमी) त्या कॉलमसाठीच झाली असावी! ऑस्ट्रियाची अ‍ॅना कीझेनहोफर, गणितात डॉक्टरेट, कुठल्याही प्रो टीमचा करार नाही, सुरुवातीलाच ब्रेकमध्ये गेली, गॅप दहा मिनिटांच्या वर गेली तरी मागे कोणी मनावर घेईना, मग साधारण ४० किमी राहिले असताना बाकीच्यांना सोडून ती एकटीच निघाली. ऑलिंपिकमध्ये टीम रेडिओ नसतो, म्हणजे पुढे अजून कोण आहे ते रायडरला कानात सांगणारं कोणी नाही. शेवटी शेवटी ब्रेकमधल्या शापीरा आणि प्लिख्टा सापडल्या आणि डच बायकांना वाटलं झालं, सगळा ब्रेक आला हातात. त्यांची फान फ्ल्यूटेन जिंकल्यासारखे हात वर करून फिनिश लाइनवर आली, तर कीझेनहोफर ७५ सेकंद आधीच पोचलेली. फान फ्ल्यूटेन, फान डर ब्रेगन, फोस, फोलरिंग अशी टीम असून हे झालं! मला तरी यात नशीब कमी आणि डच टीमचा ढिसाळपणा जास्त दिसतो, भांडायचं असेल तर या.

पॅरिस-रूबे (फ्रान्समधली एका दिवसाची रेस) २०१६ वेगळीच केस. मॅथ्यू हेमनचा हात सहाएक आठवडे आधी मोडलेला, तयारी घरात ट्रेनरवर (जागेवरच सायकल मारायचं यंत्र). तो सकाळच्या ब्रेकमध्ये होता, फेव्हरिट लोकांनी गाठल्यावर असे रायडर सहसा मागे गळतात, हा त्यांच्यातच चिकटून राहिला आणि वेलोड्रोमवरच्या (सायकलिंगचा गोल ट्रॅक) स्प्रिंटमध्ये टॉम बोननला हरवलं. बोननचा रूबेतला पाचवा विजय तिथेच हुकला. इथे शापात लागूच होत नाही, ब्रेक पकडला गेला आणि तरी त्यातलाच माणूस जिंकला, म्हणून अजून एक कॉलम 😄

सध्या हातात १९५१ च्या टूर द फ्रान्सची ब्रीव्ह-आजां स्टेज आहे. ह्यूगो कोब्ले १३५ किमीच्या आसपास एकटा, मागे कोप्पी, बार्ताली, बोबे असे त्या काळचे दिग्गज सगळे जीव तोडून ओढतायत, तरी अडीच मिनिटांवर राखून जिंकला आणि वर लाइन ओलांडल्यावर स्वतःच घड्याळ लावून बाकीचे किती मागे आहेत ते मोजत बसला. माझा 'मागच्यांना काय माहितीये' कॉलम इथे पार झोपतो, कारण मागचे गाफील नव्हते. याची एंट्री कशी करावी, सुचवा.